पाणी मुरलेला पाषाण आणि भूकंपाच्या लहरी

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे 180 माणसे गेली. आमच्या पिढीने तो भूकंप पाहिला नाही. पण कोल्हापुरात फळीवरची भांडी वाजली की वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही पहिले नाव कोयनेचेच येते.

धक्का नेमका कुठे बसला, हे कसे कळते? भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. प्राथमिक लहर आधी पोहोचते, दुय्यम लहर मागून. कठीण खडकात पहिलीचा वेग सेकंदाला 6 किलोमीटर आणि दुसरीचा साडेतीन धरला, तर दोहोंत एक सेकंदाचा फरक म्हणजे भूकंप सुमारे 8.4 किलोमीटर दूर. हेच वेग दहा टक्क्यांनी कमी असतील, तर अंतर साडेसात किलोमीटर येते. म्हणजे सारा हिशेब खडकावर अवलंबून!

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजे आणि ज्वालामुखी काच भेगांतून मुरणाऱ्या पाण्यात हळूहळू बदलतात. त्यांच्या जागी क्लोराइट किंवा चिकणमातीची खनिजे येतात. पाणी त्यांच्या रचनेतच अडकून बसते आणि खडक मऊ होतो. लहरीचा वेग खडकाच्या ताठरपणावर आणि घनतेवर ठरतो. या बदलात घनता थोडी घटते, पण ताठरपणा त्याहून पुष्कळ घटतो. म्हणून लहर मंदावते.

माझे वडील विहिरी फोडण्याच्या कामावर जातात. ते घण घालून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर पाषाण पक्का, बद्द वाजला तर कुजलेला. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण भूगोलाच्या पुस्तकातले हे तत्त्व घरी आधीपासून वापरात होते.

मात्र पाणी नेहमीच खडक दुबळा करते असे नाही. लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांची पोकळी पाण्यातून आलेल्या झिओलाइट वा कॅल्साइटने भरली, तर मोकळ्या पोकळीपेक्षा तिथे लहर वेगाने जाते. विहिरीच्या दगडात दिसणारे पांढरे स्फटिक पुष्कळदा तेच असतात.

हा खनिजबदल फार जुना आहे. तो धरणाच्या पाण्याने झालेला नव्हे. कोयनेचे भूकंप बहुतांशी बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकात होतात. त्यांच्या लहरी मात्र बेसाल्टचे थर ओलांडूनच वर येतात. गोठणे येथे 2017 मध्ये सुमारे 3 किलोमीटर खोल विवर खोदले गेले, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर तो तळखडक लागला. भूकंपाची खोली काढताना हे सव्वा किलोमीटर सरसकट टणक धरून चालत नाही. कोणती भेग हलते आहे हे शोधायचे, तर थराथराचा वेग आधी मोजला पाहिजे. खोऱ्यात घरे बांधून राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही.