काळ्या ढगाखाली डेक्कन क्वीन

मे महिना संपत आला की रेल्वेगाड्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींच्या फोनवर दोन गोष्टी सतत उघड्या दिसतात. एक म्हणजे गाडी कुठवर आली ते सांगणारं अ‍ॅप आणि दुसरं हवामान खात्याचं रडार. कर्जतच्या पुढे गाडी भोर घाट चढायला लागावी, मागे लोणावळ्याच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट झालेलं असावं आणि नेमकं त्याच वेळी पश्चिमेच्या फटीतून ऊन डब्यांवर पडावं, एवढीच त्यांची मागणी असते. ती पुरी होते वर्षातून मोजक्या वेळा. मग तो फोटो सगळीकडे फिरतो आणि लोक विचारतात, ‘‘आकाश एडिट केलंय का?’’

बहुतेक वेळा केलेलं नसतं. उलट अशा फोटोत सगळी कसरत असते ती आकाश काळं ठेवण्याची, कारण कॅमेरा ते काळं राहू द्यायला तयार नसतो. हे समजून घ्यायचं तर आधी ढगाकडे वळावं लागेल.

ढगातला एक थेंब साधारण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. शुद्ध पाणी दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. थेंबावर पडलेला किरण फक्त दिशा बदलतो, पुढच्या थेंबावर जातो, तिथून आणखी कुठे. एक किलोमीटर जाडीच्या दाट ढगातून असा ठेचकाळत खाली पोचणारा प्रकाश वरून पडलेल्या प्रकाशाच्या ढोबळमानाने दहावा हिस्सा असतो. वळवाचा ढग आठ-दहा किलोमीटर उंच गेला, की खाली शंभरावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. उरलेला प्रकाश जातो कुठे? वरच्या वर, आकाशात परत. म्हणून ज्या क्षणी लोणावळ्यात दिवे लावायची वेळ येते, त्याच क्षणी इन्सॅट उपग्रहाच्या दृश्य प्रकाशातल्या चित्रात तोच ढग पांढराशुभ्र दिसत असतो. ढग एकच, तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहात, एवढाच फरक.

म्हणजे काळेपणा ढगात नसतो, तुलनेत असतो. ढगाच्या पोटाशी मिळणारा प्रकाश एक हजार लक्सच्या आसपास असेल, तर ऐन दुपारच्या उघड्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. एक हजार लक्स म्हणजे काही अंधार नव्हे. घरातल्या ट्यूबलाइटखाली याहून कितीतरी कमी उजेड असतो आणि तिथे आपण निवांत पेपर वाचतो. पण त्या ढगासमोर उन्हातला पांढरा डबा आला, की डोळा दोन्हींची तुलना करतो आणि ढगाला काळा ठरवून मोकळा होतो. डबा काढून घ्या, ढग नुसता करडा उरतो.

आता भोर घाटाचा भूगोल पाहा. सह्याद्रीचा कडा तिथे पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर घाटमाथ्यावर आणि त्याच्या पूर्वेला देशावर उभे राहतात. कोकणाकडचं आभाळ पुष्कळदा मोकळं असतं. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी उभं राहून पूर्वेकडे कॅमेरा धरला, की पाठीमागून कलतं ऊन आणि समोर काळं आभाळ ही जोडी आपसूक जुळते. कलत्या उन्हाचा आणखी एक फायदा आहे. दुपारचं ऊन डब्याच्या छतावर पडतं आणि बाजू सावलीत राहते. सूर्य क्षितिजाच्या दहा-पंधरा अंश वर असताना किरण डब्याच्या उभ्या बाजूवर जवळजवळ काटकोनात येतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन संध्याकाळी मुंबईहून निघते आणि मे अखेरीस घाट चढते तेव्हा सूर्य मावळतीला आलेला असतो. या गाडीचे वळवातले फोटो इतके का गाजतात, याचं निम्मं उत्तर तिच्या वेळापत्रकात आहे.

इंद्रधनुष्य उमटतं तेही याच मांडणीत. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर ते दिसतं, म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसूच शकत नाही. ज्याने पाठीशी ऊन आणि समोर पाऊस अशी जागा पकडली, त्याला धनुष्य शोधत हिंडावं लागत नाही. दुहेरी धनुष्य पडलं तर दोन कमानींच्या मधला पट्टा नीट बघावा. तिथलं आकाश आजूबाजूपेक्षा खरोखरच अधिक काळं असतं. ज्याला तो फोटो मिळाला, त्याने मला जरूर पाठवावा.

या सगळ्यावर पाणी फिरवतं ते कॅमेऱ्यातलं मीटरिंग. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. चौकटीत सरासरी किती प्रकाश आहे ते तो मोजतो आणि ही सरासरी मध्यम करड्या रंगाची, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागासारखी असावी असं गृहीत धरतो. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळ्या ढगाने व्यापला, की त्याला वाटतं प्रकाश कमी पडतोय. तो एक्स्पोजर वाढवतो, ढग मळकट करडा होतो आणि उन्हातला डबा फटफटीत पांढरा पडून त्यावरची अक्षरंसुद्धा उडतात. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली ओढायचं. एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश. कॅमेऱ्याची सेटिंग उन्हातल्या डब्याकडे बघून ठरवायची आणि ढगाला त्याच्या नशिबावर सोडायचं.

फोनचं दुखणं वेगळं. आजचे फोन एका फोटोसाठी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या अनेक चौकटी घेऊन त्या एकत्र सांधतात. याला एचडीआर म्हणतात. सावलीतलं उजळवणं आणि उन्हातलं दाबणं हेच त्याचं काम. म्हणजे ज्या फरकासाठी आपण घाटात गेलो, तोच मिटवण्यासाठी तो बनवलेला. शिवाय दोन चौकटींच्या मधल्या वेळात गाडी पुढे सरकलेली असते, त्यामुळे खिडक्यांच्या कडा दुहेरी येतात. लग्नातल्या फोटोंना एचडीआर उत्तम. वादळाला तो मारक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जुलैत काय? हौशी लोक घाटात झुंडीने जातात ते जुलैत, आणि बहुतेकांच्या हाती लागतो एक राखाडी आयत. मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला मुंबईत पोचतो आणि त्यानंतर ढग पश्चिमेकडूनच येतात. ऊन यायची फटच बंद होते. सह्याद्रीवरचे मोसमी ढग वळवाच्या ढगांसारखे उंच मनोरे नसतात, बरेचसे बुटके आणि पसरट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने अशा ढगांच्या अभ्यासासाठी २०१२पासून महाबळेश्वरला खास प्रयोगशाळाच चालवली आहे. या ढगांच्या छताखाली प्रकाश सगळीकडून सारखा येतो, सावल्या नाहीशा होतात आणि तुलनेला काही उरत नाही. काळ्या आभाळाखालची गाडी हवी असेल तर मे अखेर, जूनचा पहिला आठवडा किंवा परतीच्या पावसाचा काळ गाठावा. जुलैचं सौंदर्य निराळं आहे आणि त्याचे नियमही निराळे.

त्यातला पहिला नियम धुक्याचा. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हॅरल्ड कोश्मीडर यांनी १९२४मध्ये दाखवून दिलं, की धुक्यातून बघताना वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक अंतरागणिक घातांकी वेगाने घटतो. दृश्यमानता २०० मीटर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्या अंतरावर मूळ फरकाचे जेमतेम दोन टक्के शिल्लक असतात. निम्म्या अंतरावर, १०० मीटरवर, फक्त १४ टक्के. लांबची लेन्स लावून हा तोटा भरून निघत नाही, कारण मधलं धुकं तेवढंच राहतं. गाडी जवळ यायची वाट बघणं हाच इलाज. मात्र त्याच धुक्यामुळे इंजिनाच्या हेडलाइटचा झोत डोळ्यांना दिसतो. कोरड्या हवेत झोत बाजूने दिसत नाही. थेंबांनी प्रकाश आपल्याकडे वळवला तरच तो दिसतो.

दुसरा नियम ओल्या कातळाचा. पावसात बेसॉल्ट काळाभोर दिसतो. १९२५मध्ये स्वीडनच्या अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी याचं कारण मांडलं. दगडावरून परतणारा प्रकाश पाण्याच्या पातळ थरातून बाहेर पडताना काही अंशी आतच परावर्तित होतो आणि पुन्हा दगडावर आदळतो. प्रत्येक फेरीत थोडा शोषला जातो आणि शेवटी आपल्यापर्यंत कमी पोचतो. रुळाखालची खडी, बोगद्याचं तोंड, कड्याची भिंत हे सगळं त्यामुळे गडद होतं. रुळांचा चकचकीत माथा मात्र आकाशाचा उजेड आरशासारखा फेकतो. एलएचबी बनावटीच्या डब्यांचा लाल रंग पावसात एवढा उठून दिसतो, त्यात या काळ्या भिंतीचा वाटा मोठा आहे.

आता अडचणींकडे येऊ. प्रकाश कमी आणि गाडी पळती. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडलं तरी तेवढ्यात ती साडेपाच सेंटीमीटर सरकलेली असते, आणि साठाव्या भागात ४६ सेंटीमीटर. शटर वेगवान करावं तर प्रकाश आणखी घटतो, आणि मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवला की फोटो खरबरीत होतो. हा खरबरीतपणा कॅमेऱ्याचा दोष आहे असं समजलं जातं, पण त्याचं मूळ प्रकाशातच आहे. अंगणात पावसात सारख्या वाट्या मांडून ठेवा. धो धो पावसात सगळ्या जवळपास सारख्या भरतील, पण चार थेंब पडून सर थांबली तर एकीत पाच आणि शेजारचीत एकच थेंब सापडेल. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर फोटॉन असेच पडतात. दहा हजार फोटॉन आले तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का. शंभरच आले तर दहाचा, म्हणजे तब्बल दहा टक्के. ढगाच्या काळ्या पोटात दिसणारे कण हे याच गणिताचं फळ.

घाटात इथे थोडी सूट मिळते. भोर घाटाचा चढ ३७ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडून गाडी वर ढकलतात आणि ती संथपणे चढते. शिवाय गाडी तिरकी समोरून येत असेल तर चौकटीत ती कमी सरकते, म्हणून शटर थोडं सैल सोडता येतं. पावसाचे थेंबही हिशेबात धरायचे. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने पडतो. साठाव्या भागाच्या शटरमध्ये त्याची दहा-अकरा सेंटीमीटरची रेघ उमटते, हजाराव्या भागात ती आखूड होत जवळजवळ टिंबावर येते. पाऊस फोटोत ‘पडताना’ दिसायला हवा असेल तर रेघच बरी.

प्रकाश पुरत नाही म्हणून तो सोबतच नेणारा एक वल्ली अमेरिकेत होऊन गेला. ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली, तीही डझनावारी फ्लॅश बल्ब तारांनी जोडून. त्यांच्या फोटोंत काळ्या आकाशावर वाफेचा लोट पांढराशुभ्र झळकतो, कारण तीही पाण्याच्या थेंबांचीच बनलेली, म्हणजे एक छोटा ढगच. फक्त इथे दिवा योग्य बाजूला होता.

वीज आणि गाडी एकाच चौकटीत पकडण्याची हौस अनेकांना असते. एक लखलखाट अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो आणि त्यात बऱ्याचदा तीन-चार झटके असतात. बघून बटण दाबेपर्यंत पहिला झटका निघून गेलेला असतो, म्हणून शटर काही सेकंद उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात धावती गाडी मात्र प्रकाशाची नुसती रेघ होते. अंधारात धावती गाडीही रेखीव आणि वीजही लख्ख, असा फोटो अशक्य नाही, पण फार दुर्मीळ आहे. तो दिसला तर शंका घ्यायला हरकत नाही.

वीज टिपण्यापेक्षा तिच्यापासून लांब राहण्याचं शास्त्र अधिक उपयोगी आहे. लखलखाट आणि गडगडाट यांतलं अंतर तीन सेकंद असेल तर वीज एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्या टेकडीवरचा ट्रायपॉड आवरायचा आणि पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नव्हे. वर उल्लेख केलेल्या पुण्याच्या संस्थेनेच बनवलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असावं. रुळांवरची ओव्हरहेड तार २५,००० व्होल्टची असते. तिच्यावरून जाणाऱ्या पुलावरून सेल्फी स्टिक किंवा छत्री पुढे काढणाऱ्याला तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. विजेवरची गाडी मुळातच कमी आवाजाची, त्यात पाऊस कोसळत असला की ती पाठीशी आली तरी कळत नाही. जुलै २०२३मध्ये दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे सुरक्षा दलाने अडवलं, तेव्हा समाजमाध्यमांवर पुष्कळ आरडाओरडा झाला. मला तो पटला नाही. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ नुसार रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

रुळांवर उतरायची गरजही नसते. उन्हाचा कोन आणि ढगाची बाजू जुळली तर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाचा कठडा पुरतो, फलाटाचं टोक पुरतं. यंदा वळीव गाठायचा विचार असेल तर फोनमधला एचडीआर आदल्या दिवशीच बंद करून ठेवा, सूर्य पाठीशी घ्या आणि फलाटाची पिवळी रेघ ओलांडू नका.