बहुजीवनसत्त्व पूरक गोळ्यांचे सुरक्षित सेवन : गरज, मात्रा आणि मर्यादा

प्रस्तावना

जीवनसत्त्वांचा शोध हा विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राचा एक मोठा विजय मानला जातो. १९१२ साली पोलिश जीवरसायनशास्त्रज्ञ कॅसिमिर फंक यांनी ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञा प्रचारात आणली आणि १९४८ मध्ये ब१२ हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात आल्यावर तेरा जीवनसत्त्वांची यादी पूर्ण झाली. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस, रातांधळेपणा यांसारखे रोग आहारातील अत्यल्प घटकाच्या अभावामुळे होतात व तो घटक दिल्यास बरे होतात, हे या शोधांमुळे सिद्ध झाले.

तथापि, अभाव भरून काढण्यासाठी निर्माण झालेली ही गोळी पुढे ‘शक्तीची गोळी’ म्हणून घरोघरी पोहोचली. थकवा, केस गळणे, हातापायांना मुंग्या येणे अशा कोणत्याही तक्रारीवर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एखादी पट्टी आणली जाते. २०२०-२१ मधील कोविड महामारीच्या काळात ही प्रवृत्ती अधिक बळावली. ‘फायदा झाला नाही तरी अपाय होत नाही’ हे या सवयीमागील गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची उपलब्ध पुराव्यांच्या आधारे तपासणी केली असून सुरक्षित सेवनाची सूत्रे मांडली आहेत.

जीवनसत्त्वांचे स्वरूप आणि शरीरातील साठा

द्रावणीयतेनुसार जीवनसत्त्वांचे दोन गट पडतात. अ, ड, ई आणि के ही चार मेदात विरघळतात, तर ब गटातील आठ आणि क ही पाण्यात विरघळतात. मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे यकृतात व मेदपेशींत साठतात. विशेषतः अ आणि ड ही सहजासहजी बाहेर टाकली जात नसल्याने त्यांची रोजची थोडीथोडी अतिरिक्त मात्रा महिनोन्महिने साचत जाते.

पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा अतिरिक्त भाग बहुतांशी मूत्रावाटे निघून जातो. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते ती रायबोफ्लेविन अर्थात ब२ मुळे, व त्यात घाबरण्यासारखे काही नसते. परंतु यावरून या गटातील सर्व जीवनसत्त्वे निरुपद्रवी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. ब६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या चेतातंतूंना इजा होऊन बधिरपणा येतो, हे १९८३ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. प्रौढांची ब६ ची दैनिक गरज सुमारे २ मिलिग्रॅम आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची कमाल सुरक्षित मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. मुंग्या येतात म्हणून घेतलेली गोळीच अतिमात्रेत मुंग्यांचे कारण ठरू शकते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

संशोधनात्मक पुराव्यांचा आढावा

फळे व भाज्या भरपूर खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते, या निरीक्षणावरून त्यांतील बीटा-कॅरोटीन गोळीरूपात द्यावे ही कल्पना पुढे आली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची चाचणी घेण्यात आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट होता : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील १८,३१४ व्यक्तींवरील दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र देण्यात आले होते. त्यातही हे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढल्याने ती जानेवारी १९९६ मध्ये नियोजित मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत ३५,००० हून अधिक पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ या चाचणीचे २०११ मधील विश्लेषण असे दर्शविते की, दररोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी वाढला.

या चाचण्या एकेका घटकाच्या मोठ्या मात्रेच्या होत्या. नेहमीच्या बहुजीवनसत्त्व गोळीचे चित्र तुलनेने सौम्य आहे. ५० वर्षांवरील १४,६४१ अमेरिकी पुरुष डॉक्टरांवरील दीर्घ चाचणीत (२०१२) कर्करोगाच्या एकूण प्रमाणात सुमारे ८ टक्के घट दिसली, मात्र हृदयविकार व पक्षाघात यांवर परिणाम दिसला नाही. ‘कॉसमॉस’ या चाचणीतून २०२२ नंतर प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वयोवृद्धांच्या स्मरणशक्तीला अल्प लाभ आढळला. याउलट, ३,९०,१२४ अमेरिकी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदींचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज गोळी घेणाऱ्या निरोगी व्यक्तींचा मृत्युदर कमी झाल्याचे आढळले नाही. सारांश, प्रमाणशीर मात्रेची बहुजीवनसत्त्व गोळी बहुतेक निरोगी प्रौढांना अपायकारक नाही, परंतु तिच्याकडून दीर्घायुष्याची अपेक्षाही करता येत नाही.

फोलेट आणि ब१२ : पुण्यातील अभ्यास

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा पैलू फोलेट व ब१२ यांच्या परस्परसंबंधाचा आहे. गर्भधारणेपूर्वी व प्रारंभीच्या आठवड्यांत दिलेले फॉलिक आम्ल गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळते. ज्या मातांना पूर्वी असे अपत्य झाले होते त्यांच्यात ही घट ७२ टक्के असल्याचे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ मधील चाचणीने दाखवून दिले. पूरक गोळीच्या यशाचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु ब१२ वनस्पतिजन्य आहारात नसते. शाकाहारी व्यक्तीला ते मुख्यतः दुधातून व दुग्धजन्य पदार्थांतून मिळते. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब१२ ची पातळी कमी होती, तर फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती. या मातांच्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी करण्यात आली. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक व ब१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष निरीक्षणात्मक आहे, त्यावरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही एक घटक वाढवताना दुसऱ्याची स्थिती पाहणे आवश्यक आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रौढांच्या बाबतीतील धोका अधिक परिचित आहे. ब१२ च्या अभावात फॉलिक आम्लाची मोठी मात्रा दिल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जासंस्थेची हानी आतल्या आत चालू राहते. रक्ताचा अहवाल चांगला येत असताना रुग्णाचा तोल जाणे, पाय बधिर होणे सुरूच राहते. फॉलिक आम्लाची कमाल मर्यादा दिवसाला १,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. भारतात सर्रास मिळणारी ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम होत. ती वैद्यकीय कारणाशिवाय घेऊ नये. गर्भवतींनी मात्र डॉक्टरांनी दिलेली लोह-फॉलिक आम्लाची गोळी या कारणास्तव बंद करू नये, तर ब१२ विषयी विचारणा करावी.

मात्रेचे गणित

अतिमात्रेचे अनेक प्रसंग एककांच्या गोंधळातून उद्भवतात. ड जीवनसत्त्व हे त्याचे ठळक उदाहरण होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला ६०० आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजेच १५ मायक्रोग्रॅम, ड जीवनसत्त्व पुरेसे असते. कमाल मर्यादा ४,००० एकक आहे. कमतरतेच्या उपचारासाठी ६०,००० एककांची पुडी अथवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सामान्यतः आठ आठवडे दिली जाते. आठवड्याची ही मात्रा सात दिवसांत विभागली तरी दैनिक सरासरी ८,५०० एककांहून अधिक होते. म्हणूनच हा उपचार मुदतबंद असतो. हीच कॅप्सूल चुकून दररोज घेतल्यास दैनिक गरजेच्या शंभरपट मात्रा शरीरात जाते. परिणामी रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, अतितहान, मानसिक गोंधळ व अखेर मूत्रपिंडाची हानी संभवते.

अ जीवनसत्त्वाची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे १०,००० एकक आहे. गर्भावस्थेत त्याहून अधिक रेटिनॉल गर्भात व्यंग निर्माण करू शकते. गाजर, पालक यांतील कॅरोटीनला हा आक्षेप लागू होत नाही, कारण शरीर गरजेपुरतेच त्याचे रूपांतर करते. बहुजीवनसत्त्व गोळी, कॅल्शियमची गोळी, प्रथिनांची पावडर व केसांसाठीची गोळी एकाच वेळी चालू असल्यास तोच घटक तीन-चार ठिकाणांहून शरीरात जातो, हेही विसरता कामा नये.

औषधे व तपासण्यांवर होणारा परिणाम

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन अथवा अ‍ॅसेनोकुमारॉल घेणाऱ्यांत के जीवनसत्त्व औषधाचा प्रभाव कमी करते, तर ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रक्तस्रावाचा धोका वाढवते. लोह व कॅल्शियम यांमुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण घटते. त्यामुळे दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनाही हाच नियम कमीअधिक प्रमाणात लागू आहे. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब१२ ची पातळी घटते. अशा व्यक्तींना तपासणी करून पूरक मात्रा देणे हितावह असते.

केस व नखांसाठी घेतले जाणारे बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे निष्कर्ष बदलते. थायरॉइड आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणी यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते, यावरून या वरवर किरकोळ वाटणाऱ्या बाबीचे गांभीर्य ध्यानात यावे.

सुरक्षित सेवनाची सूत्रे

१. प्रथम गरज निश्चित करावी. गर्भवती, संपूर्ण शाकाहारी, वयोवृद्ध, आतड्याचे विकार वा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि मेटफॉर्मिन घेणारे यांना पूरकांची गरज भासण्याची शक्यता अधिक असते.

२. ज्या घटकाची कमतरता आहे तोच घटक, ठरावीक मुदतीपुरता घ्यावा. मुदत संपल्यावर फेरतपासणी करावी.

३. वेष्टनावरील प्रत्येक घटकाची मात्रा व एकक वाचावे. दैनिक गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास मात्रा असलेले उत्पादन निवडावे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असावा.

४. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात. थॅलसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय लोहयुक्त गोळी घेऊ नये.

५. डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना पूरक गोळ्यांचाही उल्लेख करावा. रक्ततपासणीपूर्वी बायोटिन चालू असल्याचे आवर्जून सांगावे.

६. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. लोहाच्या गोळ्या मोठ्या संख्येने गिळल्यास बालकाच्या जिवावर बेतू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, पूरक गोळीची सुरक्षितता ही केवळ त्या गोळीच्या गुणधर्मावर अवलंबून नसून ती घेणाऱ्याची गरज, मात्रा, मुदत आणि चालू असलेली औषधे यांच्या मेळावर अवलंबून असते. ब१२ ची गोळी कमतरता असलेल्या शाकाहारी व्यक्तीच्या मज्जासंस्थेचे रक्षण करते, तर बीटा-कॅरोटीनची गोळी धूम्रपान करणाऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करते. दोन्ही गोळ्या त्याच दुकानातून, तितक्याच सहजतेने मिळतात. डाळी, पालेभाज्या, फळे, दूध व शक्य असल्यास अंडी यांचा समावेश असलेला आहार हाच पोषणाचा पाया होय. त्यातील नेमकी उणीव तपासून ती भरून काढणे, एवढेच पूरक गोळीचे कार्य आहे. विद्यार्थी व पालक यांना सल्ला देण्याचे प्रसंग महाविद्यालयीन शिक्षकांवर नेहमी येतात. अशा वेळी ‘कोणती गोळी चांगली?’ या प्रश्नाऐवजी ‘कशाची कमतरता आहे?’ हा प्रश्न त्यांनी पुढे केल्यास अनावश्यक खर्च आणि टाळता येण्याजोगा अपाय दोन्हींपासून अनेक कुटुंबांचा बचाव होईल.