खुब्यातल्या धातूवर आधी कोण पोचतं?

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या, त्या तुंबल्या की गोळा आतून मरतो आणि खचतो. ऐन तरुणपणी माणूस लंगडू लागतो. अशा काही रुग्णांना शेवटी कृत्रिम खुबा बसवावा लागतो.

या खुब्याचा हाडात रुतणारा दांडा बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. शरीराची गाठ पडते ती या थराशी. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाडानं तिला घट्ट धरलं होतं.

दांडा आत जाताच रक्तातली प्रथिनं त्यावर बसू लागतात. हाडाच्या पेशी त्यांनाच धरून पाय रोवतात. पण स्टॅफिलोकॉकस जंतूंनाही फायब्रोनेक्टिनसारखी तीच प्रथिनं धरता येतात. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या चढाओढीला ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ म्हटलं. पेशी आधी पोचल्या तर जंतूंना जागा उरत नाही. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती चिकट थर विणतात. पाण्याच्या रांजणाला आतून बोटाला लागणारा बुळबुळीतपणा याच जातीचा. या थराआडच्या जंतूंना मारायला एरवीच्या शेकडो पट प्रतिजैविकही अपुरं पडू शकतं.

सिकलसेलच्या रुग्णाला ही शर्यत जड जाते. हाडाचा काही भाग मेलेला, रक्तपुरवठा तुटक, आणि जंतूंना गाळणारी प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी झालेली. साल्मोनेलासारखे आतड्यातले जंतूही अशा रुग्णांच्या हाडात घर करतात.

म्हणून शस्त्रक्रियेआधी किडका दात, त्वचेवरचं गळू, लघवीचा संसर्ग यांवर उपचार व्हायलाच हवेत. सिकलसेलचा अहवाल शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवायला हवा. घरी आल्यावर जखमेतून पाणी झिरपलं किंवा ताप आला, तर गावातच गोळ्या घेत आठवडे काढणं घातक ठरतं. सुरुवातीच्या आठवड्यांत सांधा उघडून धुता येतो, सुटे भाग बदलून दांडा वाचवता येतो. जंतूंचा थर जुना झाला की बहुधा हाडात रुतलेला दांडाच उपटावा लागतो.