तलाठ्याचे दप्तर

अभ्यासिकेच्या अरुंद बाकावर बसून ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे व्याकरण, अंकगणित आणि सामान्य ज्ञान यांच्या घोकंपट्टीत खर्ची घातली, त्या महाराष्ट्रातील असंख्य तरुणांच्या मनात तलाठ्याच्या पदाविषयी एक ठसठशीत कल्पना असते : गावात मान, हाती शिक्का, आणि ज्याच्या सहीवाचून खातेदाराचे पान हलत नाही असा अंमल. २०२३ सालच्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, त्यात वेतनाइतकाच या कल्पनेचाही वाटा असला पाहिजे. परीक्षेतील १०० प्रश्न मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांवर बेतलेले होते. ज्या जमीन महसुलावर पुढचे सारे आयुष्य काढावयाचे, त्याला स्वतंत्र विषयाचे स्थान नव्हते. जुन्या मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५१ साली खालसा होईपर्यंत कुलकर्ण्याचा मुलगा दप्तराच्या सान्निध्यातच लहानाचा मोठा होई. आजचा उमेदवार निवड झाल्यावर १ ते २१ गाव नमुन्यांची पहिली ओळख करून घेतो, आणि सातबारा म्हणजे सात व बारा या दोन नमुन्यांची जोडणी आहे, हेही कित्येकांना तेव्हाच उमगते.

पहिला धक्का बसतो तो अधिकाराच्याच बाबतीत. खरेदीचा दस्तऐवज झाला की फेरफार नोंद तलाठी लिहितो, संबंधितांना नोटिसा देतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. परंतु ती नोंद प्रमाणित करणे वा नामंजूर करणे मंडल अधिकाऱ्याच्या हाती असते. बांधावरून तंटा झाला तर लोक तलाठ्याकडे धाव घेतात, आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे आहे असे त्याने सांगितले की तो टाळाटाळ करतो असा बोभाटा होतो. बरे, ज्या नोंदीपायी एवढी यातायात, तिने जमिनीची मालकी निर्माण होत नाही. दुसऱ्या मार्गाने प्राप्त झालेल्या हक्काची ती केवळ दप्तरी दखल असते. हे गावाला पटवून देणे हे त्या नोकरीतील सर्वांत निष्फळ काम असावे असे मला वाटते.

खरे शिक्षण घडते ते वारस नोंदीपाशी. बाप वारला, तेरावे उरकले, आणि दोघे भाऊ मृत्यूचा दाखला घेऊन सज्जाच्या कार्यालयात आले. अर्जावर दोनच नावे. तलाठी विचारतो, बहिणी किती? थोडा वेळ कोणीच बोलत नाही; मग थोरला म्हणतो, “भाऊसाहेब, त्यांची लग्नं होऊन वीस वर्सं झाली, त्यांची नावं कशाला घालता?” कायद्याने सर्वच वारसांची नावे लागतात, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि तो सोडावयाचाच असेल तर बहिणींनी स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते, हे सारे त्या पंचविशीतल्या मुलाने पन्नाशीच्या माणसाला सांगावयाचे असते. पुढे बहिणी येतात. एखादी हक्क सोडावयास तयार असते, कारण दिवाळीला माहेरचे दार उघडे राहावे असे तिला वाटते. एखादी मुकाट्याने आपले नाव राहू द्या म्हणते, आणि तिच्याशी भावांचे बोलणे त्याच दिवसापासून बंद होते. कोणत्याही प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न नव्हता.

अवकाळी पाऊस अथवा गारपीट झाली की दप्तर मिटून शिवारात जावे लागते. ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्यासह पंचनामा करताना नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे की नाही, यावर मदतीची पात्रता ठरते. निफाडकडच्या द्राक्षबागेत मणी तडकलेले असतात, पण वेली उभ्या असतात. यातून तीस टक्के गेले की चाळीस, हे पाने उलगडून ठरविताना बागाईतदार शेजारीच उभा असतो, आणि स्वतःच्या घरीही शेती असलेल्या तलाठ्याला त्याच्याकडे पाहवत नाही. कार्यालयात बसून सही करणे किती सोपे होते असे त्याला तेथे वाटते.

संगणकाविषयी थोडक्यातच सांगणे बरे. फेरफार आता ऑनलाइन, स्वाक्षरी डिजिटल, पीक पाहणी भ्रमणध्वनीवर. सर्व्हर बंद पडला की मात्र गावकऱ्यांचा रोष समोर बसलेल्या मनुष्यावर.

२०२४ साली शासनाने या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नवे नाव दिले, तरी गाव तलाठीच म्हणते, आणि तलाठ्याचे स्वतःचे गाव तर त्याहून पुढे जाते. तो सुट्टीवर घरी आला की ओसरीवर चुलते, मामा, शेजारी आपापले उतारे घेऊन हजर असतात. आपला सज्जा दुसऱ्या तालुक्यात आहे, येथे आपणही इतरांसारखे अर्जदारच आहोत, असे तो परोपरीने सांगतो. ते ऐकून घेतात, चहा पितात, आणि उतारा त्याच्यापाशीच ठेवून जातात.