रबरी रस्ते आणि शहरांची तिजोरी

जुन्या टायरांचा भुगा डांबरात मिसळून रस्ते करण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या सेवेतील अभियंते चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी 1960 च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. रबरामुळे डांबर अधिक लवचिक होते, तडे उशिरा पडतात आणि वाहनांचा आवाजही कमी होतो. मग शहरे का कचरतात? प्रथम होणारा खर्च साध्या डांबरापेक्षा अधिक आणि लाभ पुढील अनेक वर्षांत पदरात पडणारा. शहराचे अंदाजपत्रक मात्र एका वर्षाचे असते.

ही अडचण सक्तीने सुटत नाही. 1991 च्या कायद्याने अमेरिकेच्या संघराज्य सरकारने राज्यांवर रबराच्या वापराचे बंधन घातले. 1995 मध्ये ते मागे घ्यावे लागले. कॅलिफोर्नियाने निराळा मार्ग धरला. तेथे 2005 पासून प्रत्येक नव्या टायरमागे 1.75 डॉलर आकार घेतला जातो आणि त्यातील काही भाग शहरांना रबरी रस्त्यांसाठी अनुदान म्हणून दिला जातो. टायर वापरणाऱ्यानेच त्याच्या विल्हेवाटीचा भार उचलावा, हा न्याय रास्तच आहे.

तथापि अनुदान डोळे मिटून देता कामा नये. टायरांतील एका रसायनापासून तयार होणारे द्रव्य ओढ्यांतील कोहो सॅमन माशांना मारक ठरते, हे 2020 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून रबरी रस्त्यांवरून वाहून जाणाऱ्या पाण्याची नियमित तपासणी ही अनुदानाची अट असली पाहिजे. रस्त्यांवर वाचलेला पैसा उद्या ओढे शुद्ध करण्यात जाणार असेल, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही.