गोष्टीतून गावाकडे : विद्यार्थी वाचन मंडळ आणि सामाजिक शास्त्रे

मराठीच्या तासाला विद्यार्थी कथा वाचतात, तर इतिहास-भूगोलाच्या तासाला धरणे, लोहमार्ग आणि स्थलांतर यांची माहिती पाठ करतात. दोन्हींचा विषय माणसाचे जीवन हाच असतो. परंतु वेळापत्रकातील विभागणीमुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानी येत नाही. हे अंतर मिटविण्याचा एक साधा व अल्प खर्चाचा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांचे वाचन मंडळ होय. मावळ तालुक्यातील शाळांना तर त्यासाठी दूर जाण्याचीही आवश्यकता नाही.

मंडळाची रचना

पाच-सहा विद्यार्थी मिळून एक पुस्तक निवडतात, ठरलेला भाग घरी वाचतात आणि आठवड्यातून एका तासिकेला एकत्र बसून त्यावर चर्चा करतात. एकाने प्रश्न काढावयाचे, दुसऱ्याने अपरिचित शब्दांचा शोध घ्यावयाचा, तिसऱ्याने कथेतील स्थळे नकाशावर दाखवावयाची आणि चौथ्याने कथा व पाठ्यपुस्तक यांतील दुवा सांगावयाचा, अशी कामे वाटून दिलेली असतात. ती दर आठवड्यास बदलतात. त्यामुळे अबोल विद्यार्थ्यालाही बोलावे लागते. शिक्षकाने व्याख्यान न देता ऐकावे, हे या पद्धतीचे मर्म आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ हार्वे डॅनियल्स यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही पद्धत अनेक देशांत परिचित झाली.

मावळच्या मातीतील दोन पुस्तके

गो. नी. दांडेकर यांचे वास्तव्य दीर्घकाळ तळेगाव दाभाडे येथे होते. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी पवन मावळात घडते, तर ‘माचीवरला बुधा’ ही लोणावळ्याजवळील राजमाचीच्या परिसरात. मुंबई सोडून माचीवर एकट्याने राहावयास आलेला बुधा वाचताना विद्यार्थ्यांपुढे स्वाभाविकपणे प्रश्न उभा राहतो : मावळातील माणसे मुंबईस का जात असत? मग भूगोलाचे पुस्तक उघडावे लागते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु जमीन उताराची, शेते लहान आणि मुख्य पीक पावसाळी भाताचे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि मुंबईची वाट सोपी झाली. पुढे लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली चालू झाले आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मावळचा माणूस आणि मावळचे पाणी दोन्ही मुंबईकडे गेले, हे विद्यार्थी स्वतः जुळवून काढतात.

‘पवनाकाठचा धोंडी’ प्रसिद्ध झाली तेव्हा पवना धरण अस्तित्वात नव्हते. ते १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाले. कादंबरीतील खोरे आणि आजच्या नकाशावरील जलाशय शेजारी ठेवले, की पुढचा प्रश्न येतो : पाण्याखाली गेलेल्या जमिनींच्या मालकांचे काय झाले? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा आहे, म्हणजे या धरणानंतरचा. नागरिकशास्त्रातील ‘कायदा’ हा शब्द येथे सजीव होतो. वर्गात धरणग्रस्त कुटुंबांतील मुले असू शकतात. म्हणून हा विषय टाळू नये, तर संयमाने हाताळावा.

कथा आणि पुरावा

कादंबरी हा इतिहासाचा पुरावा नव्हे, याची जाणीव विद्यार्थ्यांस प्रथमपासून करून द्यावी. कथेतून प्रश्न घ्यावा आणि उत्तर अन्यत्र शोधावे. जिल्हा गॅझेटियर, जनगणनेच्या पुस्तिका, गावनकाशा, सातबारा व फेरफार नोंदी ही साधने त्यासाठी उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला गावातील वृद्धांच्या मुलाखती घ्याव्यात. कागद आणि आठवण यांत तफावत आढळल्यास दोन्ही लिहून ठेवावे. ती तफावत कशामुळे पडली याचा विचार हाच सामाजिक शास्त्रांचा खरा धडा होय.

पंचायतीचे साहाय्य

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, अशी तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. तथापि कपाटातील एका प्रतीवर मंडळ चालत नाही. एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती लागतात. ग्रामपंचायतीने किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयाने एवढा भार उचलल्यास त्या प्रती शेजारच्या शाळांतही फिरविता येतील. महसुली नोंदी वाचून दाखविण्यास संबंधित कर्मचाऱ्याने वर्षातून एक तास दिला, तरी पुष्कळ काम होईल.

धरणापूर्वीचे खोरे जाणत्या वयात पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. तिची आठवण कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावयाचे ते आताच विचारले पाहिजेत. आणि प्रश्न विचारावयास त्यांना प्रवृत्त करणारे पुस्तक त्यांच्या हाती देणे हे शाळा व पंचायत या दोहोंचे कर्तव्य आहे.