नाकांतील नळी आणि चोवीस तासांची साक्ष

आपल्या कुटुंबांत ‘पित्त’ हा शब्द इतका घरोब्याचा झाला आहे कीं, तें एक दुखणें आहे याचेंच विस्मरण पडतें. छातींत जळजळ झाली तर पित्त, आंबट ढेकर आला तर पित्त, रात्रीं ठसका लागून झोपमोड झाली तरी पित्तच! आपल्या वैद्यकास हें दुखणें नवें नाहीं. माधवनिदानांत अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरण असून कडू-आंबट ढेकर आणि छाती व कंठ यांचा दाह हीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत. परंतु लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. जठरांतील अम्ल खरोखरच अन्ननलिकेंत चढतें, कीं जळजळीचें कारण दुसरेंच कांहीं आहे, हें केवळ रोग्याच्या सांगण्यावरून ठरत नाहीं. दुर्बिणीनें पाहिलें तरी पुष्कळांची अन्ननलिका निर्दोषच दिसते. औषधानेंहि गुण येईना म्हणजे डॉक्टर नाकांतून नळी घालून चोवीस तासांची तपासणी सुचवितात, आणि मग घरांत एकच घबराट उडते.

या तपासणीचें तत्त्व सोपें आहे. अम्लता मोजण्याचें ‘पीएच’ हें परिमाण सॉरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं सुचविलें. आणि अन्ननलिकेंत तें चोवीस तास मोजीत राहण्याची पद्धति जॉन्सन व डीमीस्टर या अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९७४ सालीं मांडली. जठराच्या तोंडाशीं स्नायूंची एक झडप असते. तिच्या वर सुमारें ५ सेंटिमीटरांवर अम्ल ओळखणारें टोक ठेवतात. तेथील पीएच ४ च्या खालीं उतरला कीं, अम्ल वर आल्याची नोंद कमरेच्या लहानशा पेटींत होते.

झडपेची जागा शोधण्याकरितां आधीं बहुधा मॅनोमेट्री नांवाची दाब मोजण्याची तपासणी करतात. नाकांत बधिरता आणणारें मलम लावून नळी आंत सरकवितात व रोग्यास पाण्याचे घोट घ्यावयास सांगतात. नळी घशाच्या वळणावरून जातांना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी वाहतें. हा क्षण कठीण, असें अनुभव घेतलेले बहुतेक सांगतात. पण तो लौकर सरतो, हेंहि तेच सांगतात. हनुवटी छातीकडे झुकवून, घोट गिळीत, सावकाश श्वास घेत राहिलें म्हणजे नळी उतरणें सोपें जातें. ती काढल्यावर दुसरी, सुमारें २ मिलिमीटर जाडीची, नळी चोवीस तासांसाठीं बसवून गालावर चिकटवितात. पुढें गिळतांना घशांत टोचल्यासारखें वाटतें, नाक गळतें, कोरडी पोळी नकोशी होते, झोप तुटक लागते. दुसऱ्या दिवशीं नळी काढण्यास मात्र कांहीं क्षण पुरतात.

परंतु शरीराच्या त्रासाहून संकोच अधिक नडतो. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हटलें कीं, पूर्वीं शाळांतून फळे धुतले जात, हुशार मुलें पहिल्या बाकावर येत. साहेब शाळा पाहत, पण ती रोजची शाळा नसे. अनेक रोगी या दिवशीं असेंच वागतात. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, लोक गालावरची नळी पाहतील म्हणून, दिवसभर आरामखुर्चींत बसून राहिले, जेवणाऐवजीं पेज प्याले आणि रात्र उशांना टेकून काढली. नोंद स्वच्छ निघाली. रोजचा क्रम सुरू होतांच जळजळ पुन्हां हजर! उलट एका गृहिणीनें नळीसकट सर्वांस वाढलें. नेहमींप्रमाणें रात्रीं दहा वाजतां ती स्वतः जेवली, ओटा आवरून लगेच आडवी झाली. प्रत्येक जळजळीस तिनें पेटीचें बटण दाबलें व वेळ वहींत टिपली. जेवून लगेच आडवें होतांच अम्ल चढतें, हें कागदावर उमटलें. ‘तुला काळजी करण्याची संवयच आहे’ असें वर्षानुवर्षें ऐकणाऱ्या त्या बाईस प्रथमच साक्षीदार मिळाला.

चोवीस तासांचीं मिनिटें १४४०. त्यांपैकीं ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे सुमारें ५८ मिनिटांच्या आंत, अम्ल वर राहिलें तर तें स्वाभाविक समजतात. ६ टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारें ८६ मिनिटांपलीकडे, गेलें तर दोष सिद्ध होतो. मधल्या आंकड्यांस इतर पुराव्यांची जोड लागते. दोष सिद्ध झाला तर दीर्घकाळ औषध घ्यावें कीं शस्त्रक्रियेचा विचार करावा, हें साधार ठरवितां येतें. तो नाहीं असें दिसलें तर व्यर्थ गोळ्या गिळणें टळतें. मात्र म्हणून त्या रोग्याची जळजळ खोटी असें कोणीं समजूं नये. अन्ननलिकेच्या मज्जातंतूंची अतिसंवेदनशीलता हेंहि तिचें कारण असूं शकतें, व त्यावर निराळे उपचार आहेत.

तपासणीस जाणारांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. छातींत दुखत असेल तर आधीं हृदयाची परीक्षा व्हावी. अम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बहुधा सात दिवस आधीं थांबवितात, पण त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवाव्या. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल किंवा नाकाचें हाड वाकडें असेल, तर तें अगोदर सांगावें. पेटी भिजूं द्यावयाची नसते. म्हणून स्नान नळी बसविण्यापूर्वींच उरकावें. ज्यांस नळी मुळींच सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं अन्ननलिकेस आंतून चिकटविण्याची बिनतारी कुपी निघाली आहे. ती ४८ ते ९६ तास नोंद करते. परंतु ती महाग असून सर्वत्र मिळत नाहीं.

घरच्या मंडळींस एक विनंति. ‘आज तिखट नको, आज उठूं नको’ असा आग्रह त्या दिवशीं धरूं नये. डॉक्टरांनीं मना केलें असेल तेवढें सोडून रोग्यास रोजचें जेवण, रोजचें काम व रोजची निजण्याची वेळ लाभूं द्यावी. आणि घरांतील बायकांचें उशिराचें जेवण दोषी ठरलें, तर गोळी त्यांनीं गिळावी आणि पंगतीचा क्रम तसाच राहावा, हा न्याय नव्हे. निजण्यापूर्वीं दोन-तीन तास जेवण उरकलेलें असावें, हें पथ्य डॉक्टर सांगतात. तें गृहिणीस पाळतां येईल अशी व्यवस्था लावणें हें साऱ्या घराचें काम आहे.